हळदीचा रेडिएटर

माझ्या दुकानासमोर रस्ता आहे आणि रस्त्यापलीकडे सुभाष आहे. सत्तावीस वर्षं सकाळी शटर वर केलं की मला पहिलं दर्शन त्याचंच घडतं. देवाचा फोटो माझ्या पाठीमागच्या भिंतीवर आहे.

‘तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा’ असं या दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं, तेव्हा मी आठवडाभर आठवणी टिपून काढल्या. वाचून पाहिलं तर जवळजवळ प्रत्येकीत सुभाष. मग ठरवलं, लपवण्यात अर्थ नाही. मला या माणसाचा हेवा वाटतो. त्याच्या आवाजाचा वाटतो. साठी ओलांडूनही काळ्या राहिलेल्या केसांचा वाटतो. ते रंगवलेले आहेत असं मी बरीच वर्षं चारचौघांत सांगत होतो, पण ते रंगवलेले नाहीत. सगळ्यात जास्त हेवा वाटतो तो गिऱ्हाइकाशी बोलताना त्याला पुस्तकी शब्द आठवत नाहीत याचा. मी दुकानात पुस्तक घेऊन बसतो म्हणून उद्यमनगरात मला ‘मास्तर’ म्हणतात. त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे मला अजून मोजता आलेलं नाही.

आमचा दोघांचा धंदा रेडिएटरचा. नवी गाडी घेतलेला माणूस बॉनेट उघडून पाहुण्यांना इंजिन दाखवतो, आत बसवून स्क्रीन दाखवतो. रेडिएटर कुणी कुणाला दाखवल्याचं मला माहीत नाही. गाडीतून वाफ निघाली की त्याची आठवण होते, आणि तेव्हासुद्धा शिवी घालूनच.

खरं तर गोष्ट साधी आहे. इंजिनात आग असते. त्या आगीभोवती पाणी फिरत असतं. तापलेलं पाणी पुढच्या जाळीमागच्या रेडिएटरमध्ये वरून शिरतं, चपट्या बारीक नळ्यांतून खाली उतरतं, नळ्यांना वारा लागतो, पाणी निवतं आणि परत आगीकडे जातं. ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना पुढचं सांगायला नको. बोअरचं पाणी घातलं की बंबाच्या आत पांढरा थर चढायचा. तसाच तो नळ्यांत चढतो, त्यात गंज मिसळतो आणि वाट बंद होते. मग आम्ही खालच्या तोंडातून पाणी सोडून वरच्या तोंडातून काढतो, म्हणजे घाण ज्या दिशेने बसली तिच्या उलट दिशेने उखडली जाते. तेवढ्याने भागलं नाही तर वरची टाकी गॅसच्या ज्योतीवर डाग, म्हणजे कथलाचे सांधे, सोडवून उघडायची आणि एकेका नळीतून पोलादी पट्टी घालून ती साफ करायची. हे काम मशीन करत नाही, हात करतो. पट्टी जरा तिरकी गेली की नळी फाटते.

हे आम्हाला दस्तगीरमामांनी शिकवलं, दोघांना एकाच शेडमध्ये. गाडी तापवून बंद केली की मामा रेडिएटरवरून तळहात फिरवायचे आणि डोळे मिटून सांगायचे, “हितं गार हाय. हितल्या चार नळ्या मेल्यात.” जिथे पाणी जात नाही तिथे हाताला ऊन लागत नाही, इतकं सोपं. तरी मला ते जमायला दोन वर्षं लागली आणि सुभाषला कधीच जमलं नाही. हे मी हेव्यापोटी लिहीत नाही, तोही कबूल करतो. मामांच्या पट्ट्या त्यांनी स्वतः बनवल्या होत्या. करवतीची लांब पाती दगडावर घासून घासून वेगवेगळ्या जाडीच्या अकरा पट्ट्या केलेल्या, मुठीला सायकलच्या ट्यूबचं रबर. नजर अधू झाल्यावर मामांनी शेड बंद केली आणि त्या अकरा पट्ट्या सुभाषला दिल्या. मला म्हणाले, “दुकान नीट चालव.”

हात माझा चांगला आणि पट्ट्या त्याला. हे मी सत्तावीस वर्षं चघळतो आहे.

काही वर्षांपूर्वी सुभाषने दुकान नवं केलं. काचेचं दार, आत एसी, गिऱ्हाइकांना बसायला रेक्झिनचा सोफा, सोफ्यापुढे टीपॉय, टीपॉयवर दर दिवाळीला विकत घेतलेले अंक. अंक तो स्वतः वाचत नाही, राशिभविष्य तेवढं बघतो. मधोमध निळी मशीन. दोन नळ्या गाडीला जोडायच्या, बटण दाबायचं, अर्ध्या तासात जुनं पाणी बाहेर, औषधाचं पाणी फिरून धुऊन बाहेर, नवं कूलंट आत. मशीन वाईट नाही. नव्या गाड्यांचे ॲल्युमिनियमचे आणि प्लॅस्टिकच्या टाक्यांचे रेडिएटर माझ्या पद्धतीने उघडताच येत नाहीत. त्यांना हेच बरं. पण हे मी त्या काळात कुणाला बोलून दाखवलं नाही.

भिंतीवर त्याने एक काचेची फ्रेम लावली होती. आत लाल मखमलीवर मामांच्या अकरा पट्ट्या, पंख्यासारख्या पसरून. हत्यार मखमलीवर टांगलेलं बघितलं तेव्हा मला जेवण गेलं नाही.

उद्घाटनाला मुरगूडकडचे एक पुढारी आले. त्यांच्या गाडीच्या पुढच्या जाळीवर त्यांचाच फोटो असलेला फ्लेक्स बांधला होता, आडवा, या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत. बॉनेटवर झेंडूचा हार, तो इतका जाड की दोन माणसांनी उचलून ठेवावा. गाडी मिरवणुकीच्या चालीने कावळा नाक्यापासून आली आणि ‘कूलिंग केअर’ अशी पाटी असलेल्या दुकानाच्या बरोबर दारात तिने वाफ सोडली. ढोल थांबले. मी रस्त्याच्या अलीकडे उभा होतो, आणि खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

मग कर्तव्य म्हणून पलीकडे गेलो आणि ड्रायव्हरच्या कानाला लागलो, “जाळीवरचा फ्लेक्स काढ. वारा लागंना झालाय.”

“सायबांचा फोटो काढू?” तो म्हणाला. “माझी नोकरी घालवताय काय मास्तर?”

तोवर सुभाषने मशीनच्या नळ्या जोडल्या होत्या. नळ्या जोडायला आडवा येतो म्हणून त्याच्याच माणसाने फ्लेक्स सोडून बाजूला ठेवला. अर्ध्या तासाने तापमानाचा काटा खाली आला. टाळ्या पडल्या. पुढाऱ्यांनी भाषणात सांगितलं की आपल्या भागात असं तंत्रज्ञान येणं ही अभिमानाची बाब आहे. नारळ फुटला, पेढे वाटले, फ्लेक्स पुन्हा बांधला आणि गाडी गेली. कागलच्या अलीकडे ती परत उकळली, असं ड्रायव्हरने मला पुढच्या महिन्यात सांगितलं. पण कागलजवळ टाळ्या वाजवणारं कुणी नव्हतं, त्यामुळे ती बातमी झाली नाही.

लोकांना धुणं नको असतं, सोहळा हवा असतो, हे मला तेव्हा कळायला लागलं. नेसरीचा एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. ऊसतोडीचे दिवस. ट्रॅक्टर तापतो म्हणाला. मी पुढची जाळी काढली तर रेडिएटरच्या तोंडावर उसाच्या पाचटाची गादी बसलेली. आतल्या बाजूने हलकं पाणी मारून, ब्रशने पाचट काढून दहा मिनिटांत मोकळा केला.

“झालं,” मी म्हटलं.

“आतलं काय केलासा पावणं?”

“आत काय न्हाय. आत चांगला हाय.”

“बाहेरनं नुस्तं पाणी मारून पाठवतायसा व्हय?” त्याच्या चेहऱ्यावर डॉक्टरने इंजेक्शन न देता घरी पाठवलेल्या माणसाची नाराजी होती. तो रस्ता ओलांडून सुभाषकडे गेला, मशीन लावून घेतली आणि खूश होऊन गेला. ट्रॅक्टर तापायचा थांबला. नाव मशीनचं झालं.

आता आण्णांबद्दल लिहितो. एवढा वेळ इकडचं तिकडचं लिहिण्याचं कारण हेच की मला आण्णांबद्दल लिहायचं नव्हतं.

आण्णा शाहूवाडीकडचे. वाड्यावस्त्यांवरचं दूध कॅनमध्ये गोळा करून शीतकरण केंद्राला पोचवायचं, सकाळ-संध्याकाळ, हे त्यांचं काम. जुनी पिकअप. सोळा वर्षं माझं गिऱ्हाईक. दुकानात थांबले की माझं वर्तमानपत्र उचलायचे आणि मोठ्याने वाचायचे. मनातल्या मनात त्यांना वाचताच येत नाही. बोट ठेवून, अडखळत, पण आवाज असा की दोन दुकानं सोडून पंक्चरवाल्याला बातम्या मिळायच्या. “मास्तर, ह्ये ऐका,” म्हणून अग्रलेखसुद्धा वाचायचे. त्यातला फोलपणा अडखळत वाचल्यावर जास्त कळतो, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

त्यांचा रेडिएटर जुन्या पद्धतीचा, तांब्यापितळेचा, आणि जागोजाग झिजलेला. गळायला लागला की आण्णा वैनींच्या डब्यातली मूठभर हळद पाण्यात कालवून टाकीत ओतायचे. आमच्याकडे हा उपाय बरेच ड्रायव्हर करतात. हळद गळतीच्या भोकापाशी जाऊन बसते, फुगते, तापून घट्ट होते आणि भोक बंद होतं. चार कोसांपुरतं ठीक आहे. आण्णा तो वर्षानुवर्षं करत होते. मी सांगायचो, “आण्णा, गाडी दोन दिवस सोडा. टाकी उघडतो, डाग लावतो, नीट करून देतो.”

“दोन दिवस म्हशीला कोन सांगणार मास्तर, दूध देऊ नगंस म्हणून?” हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

मी एकदा चेष्टेने म्हटलं होतं, “तुमचा रेडिएटर आता पितळेचा ऱ्हायला न्हाय आण्णा, हळदीचा झालाय. कुणी धुतला तर संपला.” आण्णा खदखदून हसले होते.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका दुपारी ते आले. गाडी थोडी तापत होती. नळ्यांत हळदीचा गाळ असणारच. गाडी माझ्या दारात उभी केली, पण नजर पलीकडे. सुभाषच्या काचेवर नवी पाटी होती, अर्ध्या तासात सगळं साफ.

“मास्तर,” आण्णा म्हणाले, “अर्ध्या तासात करतोय म्हणं. संध्याकाळचं दूध चुकायचं न्हाय. बघू का?”

ते परवानगी मागत होते. सोळा वर्षांच्या गिऱ्हाइकाने दुसऱ्याच्या दारात जाताना जशी मागावी तशीच, संकोचाने. मी काय सांगायला हवं होतं ते मला त्या क्षणी पूर्ण माहीत होतं. मशीनमधलं औषध हळद सैल करणार. सुभाष धुऊन झाल्यावर दाबाची तपासणी करील, पण गार रेडिएटर कमी दाबाला टिकेल. गाडी भरून चढाला लागली, पाणी उकळायला आलं, की एकेक बूच सुटणार. हे सगळं एका वाक्यात सांगता आलं असतं. मला सुभाषची फ्रेम दिसली. मखमल दिसली. टाळ्या ऐकू आल्या. आणि वाटलं, एकदा होऊ दे. एकदा त्याच्या मशीनवरून गेलेली गाडी सगळ्यांदेखत फसू दे.

“बघा की,” मी म्हणालो.

आण्णा गेले. मी पुस्तक उघडून बसलो. एकही ओळ वाचली नाही. अर्ध्या तासाने त्यांनी पलीकडून हात केला, मी पण केला.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुभाषला फोन आला. तो काचेचं दार उघडून तसाच बाहेर आला आणि रस्त्यावरून मला ओरडून म्हणाला, “दत्त्या, आण्णांची गाडी चढाला बसलीया. हात भाजलाय म्हणत्यात!” मला वाटलं तो मला बोलावतोय. तो फक्त सांगत होता. पाण्याचे दोन कॅन स्वतःच्या गाडीत टाकून तो निघूनही गेला.

तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. मी ते आण्णांना दहा वेळा सांगितलं होतं. पण मागे दूध होतं, ऊन चढत होतं, आणि वाड्यावाड्यांवरच्या बायकांनी पहाटे उठून काढलेलं ते दूध नासलं तर तोंड आण्णांना दाखवायचं होतं. त्यांनी फडकं धरून झाकण फिरवलं. वाफ आणि उकळतं पाणी मनगटापासून कोपरापर्यंत आलं.

सुभाषने आधी त्यांना दवाखान्यात नेलं, मग गाडी ओढून आणली. दूध गेलं होतं. इंजिनाचं हेड उघडावं लागणार होतं. ते काम त्याने इंजिनवाल्या मिस्त्रीला लगेच दिलं आणि रेडिएटर सोडवून हातात घेतला. मी इकडून बघत होतो. त्याने तो पाण्याच्या हौदात बुडवून हवा सोडली असणार, कारण बराच वेळ खाली वाकून उभा होता. मग आत गेला, स्टूलवर चढला, भिंतीवरची फ्रेम काढली आणि एका काखेत फ्रेम, दुसऱ्या हातात रेडिएटर घेऊन रस्ता ओलांडून माझ्याकडे आला.

“टाकी उघडाय पायजे,” तो म्हणाला. “बारा ठिकाणी बुडबुडं आलं.”

“तुझ्या मशिनीला सांग की.”

त्याने फ्रेम माझ्या बाकावर उलटी ठेवली आणि मागचे खिळे पक्कडीने उपसायला लागला. गॅसचं आणि डागाचं काम त्याने कधीच बंद केलं होतं. हे उद्यमनगरात आता माझ्याशिवाय दोघेच करतात.

“आत सगळी हळद, दत्त्या. निस्ता भंडारा,” खिळा उपसत तो म्हणाला. मग मान वर करून विचारलं, “तुला म्हाईत होतं काय रं? तुझं गिऱ्हाईक न्हवं ते?”

“न्हाय,” मी म्हणालो. “मला काय बोलले न्हाईत.”

एवढ्यात आण्णा आले. हाताला कोपरापर्यंत पट्टी, हात गळ्यात बांधलेला. ते माझ्या बाकावर बसले, नेहमीच्या जागी.

“आण्णा,” सुभाष म्हणाला, “चूक माझी हाय. जुना माल बघून मी आत काय हाय ते आधी बघाय पायजे हुतं. मशीन लावली आन् मोकळा झालो. तुमची गाडी हुबी करून दिल्याबिगार मी दुसऱ्या कामाला हात लावत न्हाय. तवर माझी गाडी न्या दुधाला.” आणि मग, जरा रागाने, “पर हळद घातलीया येवढं सांगायचं न्हाय व्हय?”

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी गॅसचा नॉब चाचपत होतो. 

“ऱ्हायलं सांगायचं,” आण्णा म्हणाले. “माझीच चूक.”

पाच मिनिटांत दोन माणसांनी माझी चूक आपापल्या अंगावर घेतली, आणि लिहायला लाज वाटते, पण मला तेव्हा त्या दोघांचाही हेवा वाटला. ‘चूक माझी हाय’ हे सुभाष किती सहज म्हणाला. ‘चहा आण’ म्हणावं तसं. मी आयुष्यभर इतकी वाक्यं वाचली, त्यातलं हे एक मला कधी तोंडाने उच्चारता आलं नाही.

मी टाकी उघडली. नळ्यांच्या तोंडाशी पिवळा, घट्ट, तेलकट गाळ होता. शेड बंद झाल्यापासून मामांच्या पट्ट्या पहिल्यांदा माझ्या हातात आल्या. रबराची मूठ अजून मऊ होती. सगळ्यात पातळ पट्टी घेतली आणि पहिल्या नळीत सोडली. ती आपणहून जात होती असं वाटलं. सुभाष समोर उकिडवा बसून रेडिएटर धरून होता, मी सांगेन तसा फिरवत होता. दीड दिवस आम्ही ते काम केलं. झिजलेल्या ठिकाणी डाग लावले, सात नळ्या मेल्या होत्या त्या बंद केल्या, पाण्यात बुडवून तीनदा दाब दिला.

मधेच सुभाष म्हणाला, “मामांनी पट्ट्या मला का दिल्या म्हाईत हाय?”

मी पट्टी पुढच्या नळीत सोडली.

“म्हणाले, दत्त्याचा हात चांगला हाय, तो पत्र्याच्या तुकड्यानं बी करंल. तुझा कच्चा हाय, तुला हत्यार तरी चांगलं असू दे.”

हे खरं असेल. किंवा माझ्याकडून काम नीट करून घ्यायला त्याने तिथल्या तिथे रचलं असेल. सुभाषला गिऱ्हाइकाला बरं वाटेल असं बोलता येतं, हे मी सत्तावीस वर्षं बघतोय. मामा आता नाहीत, विचारता येत नाही. खरं असेल तर मी सत्तावीस वर्षं फुकट चघळलं. आणि रचलेलं असेल, तर इतकं चांगलं मला रचता आलं नसतं.

गाडी गेली. पट्ट्या तो परत घेऊन गेला नाही. “ऱ्हाऊ देत हितंच,” म्हणाला. रिकाम्या फ्रेममध्ये त्याने पुण्याच्या तीन दिवसांच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट लावलं. मखमल तशीच ठेवलीय.

आण्णांचा हात बरा झाला, पण कातडी चकाकते आणि आक्रसते. गाडीचं कूलंट बदलायला आता ते सुभाषकडे जातात आणि तपासणीला माझ्याकडे येतात. दोन्हीकडे बसतात. त्या दुपारबद्दल मला एक शब्द बोलले नाहीत. मी दोन वेळा विषय काढायला गेलो, तर वर्तमानपत्र उचलून मोठ्याने वाचायला लागले.

हा अंक बाजारात आला की सुभाष नेहमीप्रमाणे घेईल आणि टीपॉयवर ठेवील. तो स्वतः उघडणार नाही. म्हणून त्या दिवशी मीच पलीकडे जाऊन हे पान वर करून ठेवणार आहे. दुधाची खेप टाकून आण्णा आले की सोफ्यावर बसतील, त्या आक्रसलेल्या हाताने अंक धरतील, पहिल्या ओळीवर बोट ठेवतील आणि सुरू करतील. सुभाष मशीनपाशी उभा असेल. त्याला ऐकावंच लागेल.

मी माझ्या बाकावर बसलेला असेन. मधे रस्ता आहे, काचेचं दार आहे. पण आण्णांचा आवाज तेवढा सहज पोचतो.